प्रतिस्पर्ध्याच्या दारीं

व्यापाऱ्याचा खरा कस बाजारांतील चढाओढींत लागतो, असें सामान्यतः मानण्यांत येतें. परंतु चढाओढीहूनही अवघड असा एक प्रसंग व्यापारांत येत असतो. आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या दारीं जाऊन, 'आपली पेढी आम्हांस विकतां काय?' असें विचारण्याचा तो प्रसंग होय. नकार आला तर आपली गरज समोरच्यास कळते. होकार आला तर त्याच्या गुणांबरोबर त्याचीं दुखणींही आपल्या पदरीं पडतात. ज्यास विचारावयाचें त्यासही हा प्रश्न सहजासहजीं रुचत नाहीं. पेढी विकणें म्हणजे नुसता माल आणि यंत्रें विकणें नव्हे; अनेक वर्षांच्या खटाटोपानें मिळविलेलें नांव दुसऱ्याच्या हवालीं करणें होय. अशा व्यवहाराच्या दोन्ही बाजू ज्यांत दिसून येतात, असा एक बोधप्रद इतिहास खानदेशांत घडलेला आहे.

खानदेश हा मूळचा कापसाचा मुलूख. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे 1861 ते 1865 या वर्षांत, हिंदुस्थानच्या कापसास परदेशांत मोठी मागणी आली. त्याच दशकांत लोहमार्ग या प्रांतांत येऊन पोंचला, आणि जळगांवच्या पेठेचें भाग्य उजळलें. 1906 सालीं सरकारनें खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. तेच पुढें जळगांव आणि धुळें या नांवांनीं प्रसिद्ध झाले. कापसाच्या जोडीला तापीकांठच्या रावेर आणि यावल या भागांत केळीचे मळे बहरले. केळ हें मोठें तहानलेलें पीक. जेथें पीक तहानलेलें आणि विहिरीचें पाणी मोजकें, तेथें थोडक्या पाण्यांत मळा जगविणाऱ्या साधनास गिऱ्हाईक मिळणारच. आपल्या कथेचें बीज या एका गोष्टींत आहे.

जामनेर तालुक्यांतील वाकोद या खेड्यांत 1937 सालीं भवरलाल जैन यांचा जन्म झाला. कायद्याचें शिक्षण पुरें झाल्यावर सरकारी अधिकाराची जागा त्यांच्यापुढें चालून आली होती. परंतु ती न स्वीकारतां त्यांनीं 1963 सालीं जळगांवांत घरच्या शिलकेंतील 7,000 रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या विक्रीस आरंभ केला. पुढें बीं-बियाणें, खतें, ट्रॅक्टर, नळ अशा शेतीच्या साधनांच्या एजन्स्या आल्या. शेतकऱ्याशीं नित्य संबंध आल्यानें त्याची नड कोठें आहे हें त्यांस जवळून पाहावयास मिळालें.

दुसऱ्याचा कारखाना विकत घेण्याचा पहिला मोठा प्रसंग 1978 सालीं आला. केळ्यांची पूड करणारा एक जुना कारखाना डबघाईस आला होता. तो जैन यांनीं 30 लक्ष रुपयांस घेतला, आणि त्या वेळीं हाताशीं शिल्लक होती अवघी 2 लक्षांची! लोकांनीं या धाडसास वेडेपणा म्हटलें असतें तरी नवल नव्हतें. परंतु घेणाऱ्यानें त्या कारखान्यांत केळ्यांची पूड पाहिली नाहीं. त्याच्या यंत्रांत दुसरें काय निघूं शकेल तें पाहिलें. कच्च्या पपईच्या चिकांतून पपेन नांवाचें द्रव्य निघतें. औषधांत आणि खाद्यपदार्थांच्या धंद्यांत त्याचा उपयोग होतो. कारखान्यांत फेरफार करून तेंच काढण्यांत येऊं लागलें आणि परदेशीं जाऊं लागलें. पडीक धंदा विकत घेतांना त्याचा गतकाळ पाहावयाचा नसून त्याची अंगभूत शक्ति पाहावयाची असते, हा धडा या पहिल्याच व्यवहारांत मिळाला.

1980 सालीं पीव्हीसी नळांचा कारखाना सुरू झाला आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचनाचें काम हातीं घेण्यांत आलें. या क्षेत्रांत जळगांवच्या आधीं पोंचलेले प्रतिस्पर्धी पुष्कळ होते. ठिबकाची आधुनिक पद्धति इस्रायलांत सिम्खा ब्लास या अभियंत्यानें सिद्ध केली, आणि 1965 सालीं हात्झेरीम या वसाहतीनें त्याच्याशीं करार करून नेटाफीम ही पेढी काढली. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील वॉटरटाउन येथें रिचर्ड चॅपिन यांनीं त्याच सुमारास स्वतंत्रपणें ठिबकाच्या पातळ नळ्या तयार केल्या. इस्रायलांतच नान आणि दान या दोन वसाहतींचे तुषार-सिंचनाचे कारखाने एकमेकांशीं स्पर्धा करीत असत. 2001 सालीं या दोघांनीं स्पर्धा सोडून एकत्र येण्याचें ठरविलें आणि नानदान ही एक पेढी झाली. जळगांवचा पाहुणा दारीं येण्यापूर्वींच त्या घरानें प्रतिस्पर्ध्याशीं हातमिळवणी करण्याचा अनुभव घेतलेला होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

2006 आणि 2007 या दोन वर्षांत जळगांवच्या कंपनीनें एकामागून एक पेढ्या घेतल्या. अमेरिकेंतील चॅपिन यांची पेढी घेतली. वाळविलेल्या कांद्याच्या धंद्यांतील एक अमेरिकन पेढी घेतली. ठिबकाच्या नळ्या तयार करणारीं यंत्रें बनविणारी स्वित्झर्लंडमधील थॉमस मशीन्स ही पेढी घेतली. आणि 2007 सालीं नानदानचा निम्मा वाटा घेतला. एकानें बाजार मिळाला, दुसऱ्यानें यंत्रविद्या, तिसऱ्यानें जगभर पसरलेलें नांव. स्वतः उभारावयाचें म्हटलें तर ज्यास पिढी लागली असती तें दोन वर्षांत साधलें.

यांपैकीं नानदानचा व्यवहार विशेष अभ्यसनीय आहे. किबुत्झ म्हणजे सामुदायिक वसाहत. तेथील कारखाना एका मालकाचा नसतो, तर ज्यांनीं तो घाम गाळून उभा केला त्या सर्व कुटुंबांचा असतो. तेव्हां तेथें विक्रीचा प्रश्न नुसत्या किंमतीचा राहत नाहीं. आपल्या मुलाबाळांचें काम टिकेल काय, कारखाना येथेंच राहील काय, आणि आपलें नांव पुसलें जाईल काय, हे प्रश्न किंमतीच्या आधीं उभे राहतात. या शंकांस व्यवहाराच्या घडणींतच उत्तर होतें. सगळी पेढी एकदम न घेतां निम्माच वाटा घेतला. जुने मालक दुसऱ्या निम्म्याचे धनी राहिले. नांवही पुसलें नाहीं. नानदानच्या पुढें आपलें नांव जोडून 'नानदानजैन' असें नवें नांव केलें. पांच वर्षें एकत्र संसार झाल्यावर 2012 सालीं उरलेला वाटा जळगांवकडे आला. ज्यास कालपर्यंत स्पर्धक म्हटलें त्यास आधीं भागीदार करून घ्यावयाचें, आणि विश्वास बसल्यावर मगच संपूर्ण व्यवहार करावयाचा, ही रीति उभयपक्षीं मानाची ठरली.

परंतु इतिहास येथें थांबत नाहीं. 2016 सालीं भवरलाल जैन यांचें निधन झालें. मागें विस्तार मोठा होता, आणि विस्ताराच्या जोडीला कर्जही मोठें होतें. शेतीच्या साधनांच्या धंद्यांत सरकारी अनुदानाची रक्कम उशिरा हातीं येते; माल आज जातो, पैसा पुढें केव्हां तरी येतो, आणि व्याज मात्र रोज चढत असतें. 2019 सालापासून कंपनीस कर्जफेड जड जाऊं लागली, आणि धनकोंशीं नवी बोली करावी लागली. आतां पारडें फिरलें होतें. ज्यांनीं इतरांच्या दारीं प्रश्न नेला, त्यांच्याच दारीं तो प्रश्न येण्याची वेळ आली.

2022 च्या जून महिन्यांत जाहीर झालें कीं, जळगांवच्या कंपनीचा परदेशांतील सिंचन-व्यवसाय रिव्ह्युलिस या प्रतिस्पर्धी पेढींत विलीन होणार. ही रिव्ह्युलिसही मूळची इस्रायलचीच. ग्वात या वसाहतीच्या प्लास्ट्रो या कारखान्यापासून तिचा उगम. तो कारखाना 2008 सालीं जॉन डीअर या अमेरिकन पेढीनें घेतला, 2014 सालीं तो पुन्हा इस्रायली भांडवलदारांकडे आला, 2017 सालीं ग्रीसच्या युरोड्रिपशीं एक झाला, आणि पुढें सिंगापूर सरकारच्या टेमासेक या संस्थेनें त्यांतील मोठा वाटा घेतला. 2023 च्या मार्चमध्यें विलीनीकरण पुरें झालें. नान, दान, प्लास्ट्रो, चॅपिन, जे एकेकाळीं एकमेकांचें गिऱ्हाईक ओढीत होते, ते सर्व एका छपराखालीं आले.

या व्यवहारांत जळगांवनें सर्वस्व सोडलें नाहीं. नव्या संस्थेंत सुमारें एक-पंचमांश वाटा स्वतःकडे ठेवला, हिंदुस्थानांतील व्यवसाय पूर्णपणें आपल्याच हातीं ठेवला, आणि एकंदर कर्जाचा फार मोठा भाग अंगावरून उतरविला. 2007 सालीं नानदानच्या जुन्या मालकांस जी सवड दिली होती, म्हणजे विकूनही धंद्यांत पाय ठेवण्याची, तीच सवड सोळा वर्षांनीं जळगांवनें स्वतःसाठीं मागून घेतली. हा योगायोग म्हणावा, कीं पहिल्या व्यवहारांतील शहाणपणाचें फळ म्हणावें, तें ज्यानें त्यानें ठरवावें. कर्ज काढून घाईघाईनें पेढ्या घेतल्या हें चुकलें, असें म्हणणारे आहेत; त्या पेढ्या घेतल्या नसत्या तर विकावयासही कांहीं उरलें नसतें, असें म्हणणारेही आहेत. दोन्ही म्हणण्यांत तथ्यांश आहे.

धुळ्याच्या वा जळगांवच्या पेठेंत समोरासमोर बसलेल्या दोन लहान दुकानदारांसही हा इतिहास परका नाहीं. शेजाऱ्याचें दुकान घ्यावयाचें असेल तर आधीं त्याच्या मालाबरोबर त्याच्या खतावण्या पाहाव्या. त्याचें नांव आणि त्याचीं माणसें यांचा मान राखावा. एका घासांत सगळें गिळूं नये. आणि उसन्या पैशावर घ्यावयाचें तर तो पैसा परत येण्याचा काळ व्याजाच्या काळाशीं ताडून पाहावा. शिवाय आज आपण ज्या शब्दांत दुसऱ्यास विचारूं, त्याच शब्दांत उद्यां आपणांस कोणी विचारील, याचें भान ठेवावें. व्यापारांत दारें दोन्ही बाजूंनीं उघडतात.