खरवडीतला इतिहास

आधी शेती आली, मग धान्य साठले आणि ते ठेवण्यासाठी मडके घडले, हा क्रम आपल्या मनात पक्का बसलेला आहे. गॉर्डन चाइल्ड यांनी १९३६ साली ‘मॅन मेक्स हिमसेल्फ’ या ग्रंथात केलेल्या नवाश्मयुगीन क्रांतीच्या मांडणीतही मृत्पात्र हे शेतकरी समाजाचेच लक्षण ठरते. पुढे हाती आलेल्या पुराव्याने हा क्रम मोडीत काढला.

चीनमधील श्यानरेनदोंग गुहेतील खापरे सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. जपानमधील जोमोन संस्कृतीची आद्य मडकीही शेतीच्या हजारो वर्षे आधीची आहेत. ती घडवणारे लोक शिकार, मासेमारी आणि फळे-कंद यांवर जगत. उलट, जॉर्डनमधील ध्रा येथे सुमारे ११,००० वर्षांपूर्वी धान्याची कोठारे होती, पण मडकी नव्हती. आपल्या उपखंडातही, बलुचिस्तानातील मेहरगढच्या सर्वांत जुन्या वस्तीत शेती होती. मात्र मडक्यांऐवजी डांबर लिंपलेल्या टोपल्या वापरात होत्या. साठवण मडक्यावाचून अडली नव्हती.

मग मडके कशासाठी? याचे उत्तर त्याच्या खरवडीत आहे. ऑलिव्हर क्रेग आणि सहकाऱ्यांनी आद्य जोमोन काळातील १०१ मडक्यांवरचे करपलेले थर तपासले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, त्यांतील बहुतेक मडक्यांत मासे व इतर जलचर शिजवले गेले होते.

तापलेले दगड पाण्यात टाकून अन्न उकळता येते, परंतु ते दगड पुनःपुन्हा बदलावे लागतात. मडके स्वतःच विस्तवावर बसते. भाजताना आगीत गळून जाणारी चरबी त्यात रसात उतरते. हाडांतला स्नेहही निघतो. कडवट फळांचा कडूपणा उकळीने कमी होतो, चिवट कंद मऊ पडतात. दात पडलेल्या म्हाताऱ्यांना आणि दात न आलेल्या मुलांना पचेल असे अन्न यातून मिळू शकले.

शेतीशी गाठ पडल्यावर मडक्याने धान्य, बी-बियाणे, तेल सांभाळले, उंदीर आणि ओल यांपासून राखले, हे खरेच. पण ते त्याचे दुसरे आयुष्य. कोठारापासून सुरू होणारा इतिहास शिल्लक, मालकी आणि सत्ता यांच्याकडे जातो. चुलीपासून सुरू केला, तर त्यात रांधणारे हात आणि एका भांड्याभोवती जेवायला बसलेली माणसे दिसू लागतात. त्यांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांचा मजकूर म्हणजे खापराला चिकटलेला हा काळा थर, आणि तो वाचण्याची विद्या आपल्याला अलीकडेच साधली आहे.