वेसकराची साक्ष

महाराष्ट्रातील जुन्या गावगाड्याचे वर्णन क्रमिक पुस्तकांतून बहुधा एखाद्या एकोप्याच्या कुटुंबासारखे केलेले आढळते. पाटील कारभार पाही, कुलकर्णी दप्तर राखी, बलुतेदार आपापली कामे करून सुगीला खळ्यावरून बलुते नेत, आणि या चित्रात कोठेही कुरबुर नसल्यामुळे ही व्यवस्था सर्वांच्या राजीखुशीने चालत असावी, असा समज विद्यार्थ्याच्या मनात सहज रुजतो. तो तपासून पाहावयाचा असेल, तर महारवतनाचा इतिहास वाचल्यावाचून गत्यंतर नाही.

वेसकर म्हणून वेशीची राखण करणे, रयतेला चावडीवर बोलावणे, वसुलाचा भरणा सरकारी खजिन्यात पोचविणे, गावास आलेल्या अंमलदाराच्या दिमतीस राहणे, मर्तिकाचा सांगावा परगावी नेणे आणि मेलेली गुरे ओढणे ही सारी कामे महाराकडे असत, व त्यांच्या मोबदल्यात हाडकी-हाडोळ्याची इनाम जमीन, बलुते आणि घरोघर मागून आणलेली भाकर एवढे त्यास मिळे. शिवेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे मात्र त्याच्या साक्षीस विशेष वजन येई; कारण शिवेवरचे धोंडे, ओढे व जुनी झाडे त्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत असत, आणि शपथपूर्वक तो जी हद्द चालून दाखवी तिचा आधार घेऊन निवाडे होत. ज्याच्या शब्दावर गावाची सीमा ठरे, त्याची वस्ती गावकुसाबाहेर होती व गावच्या पाणवठ्यास हात लावण्याची त्यास मनाई होती.

इंग्रजी अमलातही हे ओझे उतरले नाही. मुंबई इलाख्यातील १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने या चाकरीस सरकारी सक्तीचे पाठबळ लाभले. नेमलेला वतनदार गैरहजर असल्यास त्याच्या बापाला किंवा घरच्या दुसऱ्या माणसाला कामास जुंपण्यात येते, आणि चाकरीला दिवस व रात्र यांची मर्यादा नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडताना उघड केले. वतनाची तुटपुंजी जमीन महारांच्या स्वाभिमानाच्या आड येते, हे ते त्याआधीपासून स्वतःच्या समाजालाही बजावीत होते. त्यांचे विधेयक कायद्याच्या पदवीस पोचले नाही. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले.

हा इतिहास शिकविल्याने जुनी वैरे उकरली जातात, असा आक्षेप काही सज्जन घेतात. परंतु ज्यांच्या वाडवडिलांनी ती चाकरी केली, त्यांच्या घरात हा इतिहास कधीच पुरलेला नव्हता, म्हणून मौन राखल्याने अज्ञान राहते ते उरलेल्यांच्याच वाट्यास. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा ‘गांव-गाडा’ कुणब्यावर पडणाऱ्या बोजाचा हिशेब मोठ्या तपशिलाने मांडतो, आणि तो अभ्यासलाच पाहिजे. पण त्याच्याच शेजारी आंबेडकरांचे ते भाषण ठेवून, एकाच बलुत्याकडे देणारा व घेणारा कोणत्या नजरेने पाहत होते, हे विद्यार्थ्याने स्वतः ताडून पाहावे. इतिहासाच्या शिक्षणाने पुराव्याची पारख शिकवावयाची असेल, तर ज्याची साक्ष शिवेच्या निवाड्यात गावाने ग्राह्य धरली, त्याच माणसाची स्वतःच्या जिण्याविषयीची साक्ष अग्राह्य ठरविण्याचा अधिकार आपणांस पोचत नाही.