मालाचा फोटो ऑनलाइन स्पष्ट दिसण्यासाठी काय करावे?

येळ्ळूर शिवारातला बासमती शिजायला लागला की त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. वास शेजारच्या घरापर्यंत पोचतो. पण पुण्या-मुंबईतल्या किंवा गोव्यातल्या गिऱ्हाईकाला मोबाईलवर वास येत नाही. त्याला दिसतो तो फक्त फोटो. त्यात दाणा धूसर आणि पिशवीवरची अक्षरे पुसट असतील, तर घरच्या शेतातला तांदूळ आणि बाजारातला कुठलाही तांदूळ सारखाच वाटतो. मग योग्य दर मागणेही अवघड होते. बेळगावचा कुंदा, शहापूरची साडी, अथणी-निपाणी भागातली कोल्हापुरी चप्पल, सगळ्यांची गोष्ट तीच. फोटो नीट दिसण्यासाठी महागडा कॅमेरा लागतोच असे नाही. पुढील गोष्टी सांभाळल्या तरी बरेच काम होते.

फोटो नेमका बिघडतो कुठे?

बऱ्याचदा काढताना फोटो चांगलाच असतो, हातोहात फिरताना तो बिघडतो. मोबाईलवरचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याचे पिक्सेल आणि फाईलचा आकार दोन्ही कमी होतात. तो घरच्या ग्रुपवरून पुतण्याने घेतला, फेसबुकवर टाकला, तिथून कुणी स्क्रीनशॉट काढला, की दरवेळी थोडा तपशील जातो. गेलेला तपशील परत येत नाही.

म्हणून मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवावा आणि दुसऱ्याला देताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. व्हॉट्सॲपमध्ये २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, पण त्यातही फाईल काही प्रमाणात आवळली जाते. एक काळजी मात्र घ्यावी : डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोसोबत तो कुठे काढला ही माहितीही जाऊ शकते. घराचा ठावठिकाणा द्यायचा नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आधीच बंद करावे. छापील पत्रकावरच्या फोटोचा पुन्हा फोटो काढून तो टाकणेही टाळावे. त्यात छपाईचे ठिपके दिसतात.

काढतानाच घ्यायची काळजी

• आधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसावी. खिशातल्या मोबाईलच्या लेन्सवर बोटांचा तेलकटपणा असतो. निम्मा धूसरपणा तिथलाच.

• झूम करण्याऐवजी जवळ जावे. फारच जवळ गेल्यावर फोकस सुटत असेल तर थोडे मागे येऊन फोटो काढावा आणि नंतर कापावा.

• दारातला किंवा खिडकीतला सकाळचा उजेड उत्तम. त्या वेळी घरातली ट्यूबलाईट बंद ठेवावी, नाहीतर दोन उजेडांमुळे रंग बिघडतो.

• पांढरा तांदूळ गडद कापडावर पसरावा. पण गडद पार्श्वभूमीमुळे मोबाईल उजेड वाढवतो आणि दाणा नुसता पांढराफटक दिसतो. पडद्यावर दाण्यावर बोट ठेवून फोकस धरावा आणि उजेड थोडा कमी करावा.

• मोबाईल डब्याला किंवा पोत्याला टेकवून ३ सेकंदांचा टायमर लावावा. बटण दाबताना हात हलतो, ते टळते.

दुरुस्ती थोडीच, आणि क्रमाने

आधी फोटो सरळ करून कापावा, मग उजेड पाहावा, मग हवा तो आकार द्यावा. शार्पनेस सर्वांत शेवटी आणि हलक्या हाताने वाढवावा. जास्त वाढवला की वस्तूच्या कडेला पांढरी रेघ उमटते. लहान फोटो ताणून मोठा केला तर तो फाटतो.

कुठे कोणते माप?

• गूगलवरची व्यवसाय प्रोफाइल : ७२० × ७२० पिक्सेल चांगले, किमान २५० × २५०. फाईल जेपीजी किंवा पीएनजी, १० केबी ते ५ एमबी.

• इन्स्टाग्राम : रुंदी १०८० पिक्सेल. उभ्या फोटोला १०८० × १३५०.

• फेसबुक पेजचे कव्हर : ८५१ × ३१५ पिक्सेल, जेपीजी, शक्यतो १०० केबीच्या आत.

• व्हॉट्सॲप प्रोफाइल : चौकोनी फोटो द्यावा, पण तो गोल कापून दिसतो, नाव कोपऱ्यात ठेवू नये.

प्रत्येक ठिकाणासाठी मूळ फोटोवरून नवी प्रत करावी. एका ठिकाणाहून उतरवून दुसरीकडे चढवू नये.

अक्षरे वाचता आली पाहिजेत

फोटो आवळला की पहिल्यांदा बारीक खुणा जातात. देवनागरीत अनुस्वार आणि रफार पुसले जातात; ‘तांदूळ’चा ‘तादूळ’ होतो. १ आणि ९ यांत घोळ झाला तर दरावरून वाद होतो. शेजारी कन्नड मजकूर असेल तर अक्षराखालची जोडाक्षरे चिकटतात. त्यामुळे मजकूर मोजका, अक्षरे मोठी आणि जाड ठेवावीत. लोगो किंवा दरपत्रक पीएनजीमध्ये सेव्ह करावे. मालाच्या फोटोला जेपीजी पुरेसे.

फोटो खरा हवा

फोटो आपोआप स्पष्ट करून देणारी एआय ॲप आता सहज मिळतात. ती हरवलेला तपशील शोधून आणत नाहीत, अंदाजाने भरतात. त्यात कणी अख्खा दाणा होऊ शकते, लेबलवरचा आकडाही बदलू शकतो. पिशवी फोडल्यावर गिऱ्हाईकाला वेगळेच दिसले तर ते पुन्हा फिरकत नाही. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मालाचे चुकीचे वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. फोटोत कणी थोडी दिसली तरी चालेल, पोत्यातला माल तसाच निघाला पाहिजे.

टाकण्याआधी फोटो दुसऱ्या एखाद्या साध्या मोबाईलवर उघडावा आणि घरातल्या कुणाला तरी हातभर अंतरावरून दाखवून विचारावे : दाणा कसा आहे आणि दर किती लिहिलाय? दोन्हीची उत्तरे न अडखळता आली की फोटो टाकायला हरकत नाही.