दगडावरचा कायदा

मी निर्मळचा. आमच्या शेजारच्या भुईगावात १९५६ साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. त्या लेखात अशोक रूढींचीच झडती घेतो. जन्म, लग्न, आजारपण, प्रवास या निमित्तांनी लोक नाना विधी करतात; त्यांचे फळ अल्प. खरा विधी म्हणजे दास आणि सेवकांशी नीट वागणे, असे तो सांगतो. रूढीला माणुसकीच्या कसोटीवर घासणारा हा दगड आहे.

त्याची आठवण होण्यास एक विद्यार्थी कारण झाला. जव्हारकडचा हा आदिवासी तरुण एका दगडाचे छायाचित्र घेऊन आला. "सर, वेशीवर असा दगड उभारला की सरकारला गावात येता येत नाही, हे खरं का?"

ते छायाचित्र झारखंडच्या खुंटी भागातील पत्थलगडीचे होते. मुंडा समाजात पूर्वजांच्या स्मृतीसाठी दगड उभारण्याची प्रथा जुनी आहे. २०१७-१८ मध्ये त्याच दगडांवर संविधानाचे अनुच्छेद कोरले गेले आणि ग्रामसभेच्या परवानगीवाचून बाहेरच्यांना प्रवेश नाही, असे लिहिले गेले. काही ठिकाणी मतदार ओळखपत्र व आधारही नाकारले गेले. गुजरातमधील तापी जिल्ह्यातल्या, 'ए.सी. भारत सरकार' म्हणवणाऱ्या सती-पती पंथाची छाया या चळवळीवर असल्याचे वृत्तपत्रांनी लिहिले. हा पंथ आदिवासींनाच देशाचे मूळ मालक मानतो.

शासनाने उत्तर दिले ते राजद्रोहाच्या कलम १२४अ ने. हजारो अनाम ग्रामस्थांवर गुन्हे नोंदले गेले. अनेक वृत्तपत्रांना त्यात नक्षलवाद आणि फुटीरपणा दिसला. जमीन, जंगल, खाणी हे प्रश्न बातमीच्या तळाशी गेले. २९ डिसेंबर २०१९ रोजी नव्या मंत्रिमंडळाने पहिल्याच बैठकीत हे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय केला.

'आम्ही तुमचे सरकार मानत नाही' हे वाक्य अमेरिकेतही ऐकू येते. तेथे १९७० च्या दशकात काही वर्णवर्चस्ववाद्यांनी असा सिद्धांत रचला की, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या काळ्यांना १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने मिळालेले नागरिकत्व दुय्यम असून गोरा माणूस त्यापलीकडचा, स्वयंभू नागरिक आहे. तेथील न्यायालये असे युक्तिवाद सातत्याने फेटाळतात. तो नकार समतेच्या कायद्यातून पळ काढण्यासाठी होता. खुंटीचा आदिवासी मात्र संविधानाचे कलम हाती घेऊन उभा आहे. या दोघांना एकाच मापाने मोजणे हा अन्याय होय.

तरीही आपण त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दगडावर कोरलेल्या अनुच्छेद १३(३)(क) चा अर्थ 'रूढी हाच सर्वोच्च कायदा' असा लावला गेला. संविधानाचा आशय नेमका उलटा आहे. 'कायदा' या शब्दात रूढी आणि परिपाठ यांचा समावेश केला तो, मूलभूत हक्कांच्या आड येणारी रूढीही कायद्याप्रमाणेच रद्द ठरावी म्हणून!

रूढीला कायदा म्हणवून घेणारे लोक आपण महाडला पाहिले आहेत. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर स्पृश्य मंडळी न्यायालयात गेली, ती रूढीचाच हक्क सांगत. डिसेंबरात तात्पुरता मनाई हुकूम आला. बाबासाहेबांनी मनुस्मृतीचे दहन होऊ दिले. पण तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब करून दावा लढवला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. पण कशासाठी? ती रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही म्हणून. ती अन्यायकारक आहे काय, या प्रश्नात न्यायालय शिरलेच नाही. उद्या कोणी हजार वर्षांचा पुरावा आणला असता तर? तेराव्या अनुच्छेदाने हे दार बंद केले. ते आपल्याच हातांनी कसे उघडायचे?

मग आदिवासी बांधवाने गप्प बसावे काय? मुळीच नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा दिली. वनहक्क कायदा २००६ खाली दावा करून २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी वनखात्याशी झगडून २०११ मध्ये तोही ग्रामसभेच्या हाती आणला. घोषणा खुंटीइतकीच ठाम होती, पण तिच्यामागे ग्रामसभेचा ठराव आणि दाव्याची फाईल होती.

मी त्या तरुणाला म्हणालो, "दगड अवश्य उभारा. जव्हार पाचव्या अनुसूचीत आहे. पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार त्यावर कोरा. पण तेरावा अनुच्छेद कोरायचा तर पुरा कोरा."

त्याने संविधानाची प्रत मागून घेतली. जाताना विचारले, "सर, आमच्या रूढीत बाईला जमिनीचा वाटा नाही. मग तेही दगडावर येणार का?"

भुईगावच्या दगडाचा प्रश्नही हाच होता.