मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना मोडला, तर जबाबदार कोण?

जुन्नर-आंबेगाव परिसराचं नाव जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक आहे ते नारायणगावजवळच्या खोडदमुळे. तिथली जीएमआरटी म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण. तिच्या डेटावर कित्येकांनी पीएचडी केली, आणि त्यासाठी अनेकांनी एआयपीएस हे अमेरिकी पॅकेज वापरलं. त्याची एखादी सोर्स फाइल उघडून बघा. वर ‘असोसिएटेड युनिव्हर्सिटीज’ या संस्थेची कॉपीराइटची ओळ, खाली जीएनयू जीपीएल परवाना. सॉफ्टवेअर फुकट आहे, पण बेवारस नाही.

हे असं का, त्याला इतिहास आहे. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात 1984च्या दुरुस्तीनं संगणक प्रोग्राम आला, तोही ‘साहित्यकृती’ म्हणून. म्हणजे कोड लिहिला की त्यावर हक्क आपोआप लागू. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमननं 1983 साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि 1989 साली जीपीएल आणला. त्यानं कॉपीराइट नाकारला नाही, उलट त्याच्याच जोरावर अटी घातल्या. 1991च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या स्पष्ट आहेत: बदललेल्या फाइलवर बदलाची नोंद आणि तारीख हवी, तयार प्रोग्राम वाटला तर सोर्स कोडही मिळायला हवा. अट मोडली की तुमचा हक्क संपतो. तुमच्याकडून प्रत घेतलेल्यांचे हक्क मात्र, ते स्वतः अटी पाळत असतील तर, शाबूत राहतात. थोडक्यात, जबाबदारी मोडणाऱ्याची.

याच परवान्याच्या शेवटी ‘कसलीही हमी नाही’ असंही लिहिलंय. कोडमधल्या चुकीनं तुमचं कॅलिब्रेशन बिघडलं, तर मूळ लेखकाला धरता येत नाही. पण हे कलम परवाना मोडणाऱ्याला वाचवत नाही.

हा प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला. रॉबर्ट जेकबसन हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. खेळण्यातली रेल्वे चालवणाऱ्या त्यांच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या फाइल एका कंपनीनं लेखकांची नावं आणि कॉपीराइटची सूचना गाळून वापरल्या. खालच्या कोर्टाला हा फार तर करारभंग वाटला. 2008 साली अपील कोर्टानं सांगितलं की या अटी मोडणं म्हणजे कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, पैसे घेतले नसले तरी. हा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे.

आता तुमचं बघा. जीपीएल कोड बदलून स्वतःच्या मशीनवर चालवलात, तर तो कुणाला द्यायचं बंधन नाही. प्रश्न सुरू होतो तो बाहेर देताना. सिनियरच्या फोल्डरमधून आलेल्या कोडवर परवानाच नसेल, तर ‘वापरा खुशाल’ असा अर्थ काढू नका. लिहिणाऱ्याची लेखी परवानगी घ्या. तुम्ही लिहिलेल्या कोडचा मालक कोण, हेही संस्थेच्या नियमांत आधीच वाचून ठेवा. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडवर, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क नोकरी देणाऱ्याचा असतो. प्रबंधासोबत कोड टाकाल तेव्हा खाली तुमचं नाव असेल, आणि उत्तरही तुम्हालाच द्यावं लागेल.