यवतमाळात ऐकलेला खेळ

नुसत्या खेळाला वाहिलेलं रेडिओ केंद्र यवतमाळात कधी नव्हतं. असं चोवीस तासांचं जगातलं पहिलं केंद्र न्यूयॉर्कात 1 जुलै 1987 ला सुरू झालं, डब्ल्यूएफएएन नावाचं. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला विश्वचषकाच्या सामन्यात नागपूरच्या व्हीसीए मैदानावर भारताच्या चेतन शर्माने न्यूझीलंडच्या रदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचे लागोपाठ तीन चेंडूंवर त्रिफळे उडवले, गावसकरांनी 88 चेंडूंत नाबाद 103 काढल्या. नागपूर यवतमाळपासून दीडशे किलोमीटरवर, पण इथे तो सामना यायचा तो रेडिओवरूनच. म्हणजे इथला माणूस खेळ कानाने पाहायला शिकला तो दुसऱ्यांच्या केंद्रांवर.

या विद्येचं मूळ शोधायला ट्विकनहॅमला जावं लागतं. 15 जानेवारी 1927 ला इंग्लंड-वेल्स रग्बी सामन्याचं धावतं वर्णन टेडी वेकलॅम यांनी बीबीसीवरून केलं. मैदानाचे आठ चौकोन पाडलेला नकाशा आधीच बीबीसीच्या साप्ताहिकात छापला होता. वेकलॅम बोलायचे आणि मागून दुसरा माणूस चेंडू कितव्या चौकोनात आहे तो आकडा सांगायचा. समोर पाटी होती: शिव्या देऊ नका. आणि जवळ एका अंध माणसाला बसवलं होतं, त्याला समजेल असं बोलायचं म्हणून. ही शेवटची युक्ती सगळ्यांत महत्त्वाची. समालोचनाचा सगळा धंदा या न पाहणाऱ्या माणसासाठी आहे.

मुंबईत 1930 च्या दशकात बॉबी तल्यारखान यांनी क्रिकेटचं इंग्रजी वर्णन गाजवलं. दिवसभर एकटेच बोलायचे. 1948-49 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात माइक वाटून घ्यायची वेळ आली, तेव्हा ते बाजूला झाले. मराठीतून हे वर्णन रुजवलं बाळ ज. पंडितांनी. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, त्यामुळे चेंडू कुठे पडला आणि पाय कुठे गेला हे त्यांना सांगावंसं वाटे. वि. वि. करमरकरांचा आवाजही याच परंपरेतला. विदर्भात मात्र मराठीइतकीच हिंदी कानावर असायची. हॉकी म्हणजे जसदेव सिंग, क्रिकेट म्हणजे इंदूरचे सुशील दोशी. हॉकीचं वर्णन ऐकणाऱ्या याच यवतमाळचा आकाश चिकटे पुढे भारताचा गोलरक्षक झाला, 2017 चा आशिया चषक जिंकलेल्या संघात तो होता.

हे सगळं येई ते मध्यम लहरींवर. आकाशवाणीचं नागपूर केंद्र 1948 चं. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. कांडी केंद्राच्या दिशेला आडवी असली की आवाज स्वच्छ, तिचं टोक केंद्राकडे वळलं की आवाज बसला. म्हणून सामना लागण्याआधी घरातलं कोणीतरी संच टेबलावर फिरवून फिरवून कोन पकडायचं आणि मग त्याला हात लावायची कोणाची छाती नसायची. ढगात वीज चमकली की नेमका विकेटचा शब्द कडकडाटात जायचा. त्या काळी संचाचं लायसन्सही पोस्टात जाऊन काढावं लागे.

पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत आकाशवाणीची लहान एफएम केंद्रं आली. या मालिकेतलं देशातलं पहिलं स्थानिक केंद्र 1984 मध्ये नागरकोइलला निघालं. यवतमाळला 102.7 मेगाहर्ट्झ मिळालं. एफएमचा आवाज गोड, पण लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या. डोंगर आडवा आला की संपलं. जिल्हा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा, एका टोकाला वणी आणि दुसऱ्या टोकाला उमरखेड. एका मनोऱ्याने हे सगळं कवेत येणं कठीणच.

दरम्यान इथल्या खेळांना वेगळाच निवेदक होता: भोंगा. खुले कबड्डी सामने आणि शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, त्याच्याशिवाय होतच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये या शर्यतींवर बंदी घातली, 2021 च्या डिसेंबरात राज्यात त्या पुन्हा सुरू झाल्या, 2023 मध्ये घटनापीठाने त्यांच्यावर शिक्कामोर्तब केलं. पटाच्या मांडवातला निवेदक बैलजोडीचं नाव, मालकाचं गाव, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं कौतुक आणि घड्याळात लागलेले सेकंद एका दमात सांगतो. मध्येच ओरडतो, "अबे पोट्टेहो, मांगं सरका!" वेकलॅमसमोरची पाटी याच्यासमोर लावायला हरकत नाही. पण तो बोलतो ते पाहणाऱ्यांसाठी. जोडी कुठवर आली, कोणता बैल ओढ घेतोय हे त्याला सांगावं लागत नाही, समोर दिसतंच. तो फक्त आच वाढवतो. न पाहणाऱ्याला पट दाखवणं हे काम त्याच्याकडे कोणी मागितलेलंच नाही.

खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याचं धोरण 2011 मध्ये आलं. मोठ्या सामन्यांचं थेट वर्णन या केंद्रांना वर्ज्य, स्थानिक स्वरूपाच्या स्पर्धांचं मात्र करायची त्यात मुभा आहे, म्हणजे पटाचंही करता येईल. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने लिलावासाठी मंजूर केलेल्या 234 नव्या शहरांत यवतमाळचं नाव आहे. जो बोली लावेल तो हिशेब जाहिरातींचाच करणार. पण पट भरतात हिवाळ्यात, कापूस-तूर घरी आल्यावर, आणि ट्रॅक्टर विकणाऱ्यांना शेतकऱ्याच्या कानाशी जायचं असतं ते नेमकं तेव्हाच.