थोरल्या भावाची शाळा

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर साकोली हें तालुक्याचें गांव आहे. तळ्यांचा आणि धानाचा हा मुलूख. गांवोगांवीं शाळा निघण्यापूर्वीं अशा मुलखांत अक्षरओळख घरांत शिरली ती बहुधा एखाद्या नातलगाच्या हातानें. कोणाचा मामा चार बुकें शिकून आलेला असे, कोणाची विधवा आत्या वाचूं शकत असे, कोणाचा वडील भाऊ शहरांत राहून परतलेला असे. संध्याकाळीं ओसरीवर दिवा लागला कीं भाचरें, पुतणीं, धाकटीं भावंडें त्याच्याभोंवतीं बसत. सरकारी शाळेचा हजेरीपट राहतो, तपासनिसाचा शेरा राहतो. ओसरीवरच्या शाळेचें कांहींच राहत नाहीं. म्हणून आपल्या शिक्षणाच्या इतिहासांत तिला जागा मिळालेली नाहीं. ज्या एका घरच्या शाळेची हकीकत राहिली, ती तिथें शिकलेल्या मुलीनें पुढें लेखणी धरली म्हणून राहिली. तें घर साकोलीहून पुष्कळ दूर, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकाला, आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगर शहरांत होतें; आणि तें एका ख्रिस्ती कुटुंबाचें होतें.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईस आले १८१३ सालीं आणि अहमदनगरास त्यांनीं ठाणें केलें १८३१ सालीं. त्यानंतरच्या कांहीं वर्षांतच जे थोडे ब्राह्मण तेथें ख्रिस्ती झाले त्यांत हरिपंत खिस्ती हे एक होत. आडनांव वाचून घोटाळा होऊं नये. ‘खिस्ती’ हें ब्राह्मणांतलें आडनांव आहे, नव्या धर्मावरून तें पडलेलें नाहीं. हरिपंत व त्यांची पत्नी राधाबाई यांना चौदा मुलें झालीं. त्यांतील तेरावी कृपाबाई, जन्म १४ फेब्रुवारी १८६२.

त्या काळीं धर्मांतर म्हणजे काय हें नीट ध्यानांत घेतल्याखेरीज या घरची शाळा कां सुरू झाली हें कळणार नाहीं. देव बदलला, एवढ्यावर भागत नसे. माहेर तुटे, सासर तुटे. पाणवठा, पंगत, सोयरीक, सुतक, सारीं बंद होत. ज्या नातलगांच्या आधारानें ब्राह्मण घरांतील मूल वाढे, ते आजोबा, काका, मामा, घरीं येणारे शास्त्रीबोवा, सगळे एका दिवसांत परके होत. जें शिक्षण एरव्हीं दहा तोंडांनीं कानावर पडलें असतें, तें आईबाप आणि मोठीं भावंडें यांच्यावरच येऊन पडे. मिशनची मंडळी मदतीस असत. परंतु तीं परमुलखांतलीं माणसें. त्यांना मराठी बोलतां आलें तरी घरचें माणूस तीं कशीं होणार?

राधाबाईंचा प्रसंग अधिक बिकट होता. धर्म बदलण्याचा निर्णय पतीचा होता, त्यांचा नव्हता. कृपाबाईंनीं पुढें लिहिलेल्या कथेंत आईच्या मनाची ही ओढाताण फार सहानुभूतीनें आली आहे. नवरा एका बाजूला आणि लहानपणापासूनचे सगळे आचार दुसऱ्या बाजूला, अशा स्थितींत ती स्त्री प्रथम नवऱ्यामागें गेली आणि त्याच्या धर्मापर्यंत पुष्कळ काळानें पोंचली. श्रोत्यांना येथें लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. नारायण वामन टिळक १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका युरोपीय गृहस्थाशीं त्यांची धर्मविषयक चर्चा झाली. ती गाडी तेव्हांच्या भंडारा जिल्ह्यांतूनच जाते. गोंदिया, आमगांव हीं तिचीं स्थानकें १ मे १९९९ पर्यंत याच जिल्ह्यांत होतीं. त्या चर्चेचा शेवट १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्म्यांत झाला. लक्ष्मीबाई मात्र कांहीं वर्षें दूर राहून, आपल्या मनाची खात्री झाल्यावर १९०० सालीं ख्रिस्ती झाल्या. लग्नापूर्वीं अक्षरशत्रु असलेल्या या बाईंना वाचावयास शिकविलें टिळकांनीं. पुढें अहमदनगरास त्यांच्या घरीं आपल्या मुलांबरोबर दुसऱ्यांचीं मुलेंही वाढलीं. शाळा आणि घर यांमधली भिंत अशा कुटुंबांतून फार पातळ असे, हें दोन्ही घरांच्या हकीकतींवरून दिसतें.

खिस्ती घराकडे परत येऊं. कृपाबाई लहान असतांनाच हरिपंत वारले. घरांत विधवा आई, एवढीं मुलें, आणि आधाराला नातेवाईक नाहींत. अशा वेळीं थोरला मुलगा भास्कर पुढें झाला. कृपाबाई आणि तो यांच्या वयांत मोठें अंतर होतें. भाऊ म्हणावें तर त्याची जागा बापाची, आणि बाप म्हणावें तर थट्टामस्करी भावाची. त्यानें या धाकट्या बहिणीचें शिक्षण हातीं घेतलें.

शहरांत मुलींची शाळा नव्हती म्हणून त्यानें असें केलें, असें मात्र नाहीं. उलट मुलींच्या शाळांसाठीं अहमदनगर तेव्हां सबंध दक्षिणेंत नांवाजलेलें होतें. मिस सिंथिया फॅरार १८२७ सालीं हिंदुस्थानांत आल्या, १८३९ सालीं अहमदनगरास गेल्या, आणि कृपाबाईंच्या जन्माच्याच वर्षीं, १८६२ सालीं, तेथेंच वारल्या. त्यांच्या शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांच्या मनानें पुण्यास मुलींची शाळा काढण्याचें घेतलें. तेव्हां शाळा होत्या. पण मुलीला वाचतां यावें, शास्त्रवचन कळावें, शिवण यावें आणि पुढें तिनें नीट संसार करावा, येथवर त्या काळच्या बहुतेक शाळांची नजर पोंचे. ती नजर लहान होती असें आज म्हणणें सोपें आहे. त्या काळीं तेवढ्यासाठींही दगड खावे लागत. तथापि भास्कराची नजर त्यापलीकडे होती.

त्याची रीत अगदीं साधी होती. तो बहिणीला आपलीं पुस्तकें वाचावयास देई, आणि वाचून झाल्यावर त्यांवर तिच्याशीं बोले. यांतला दुसरा भाग महत्त्वाचा. पुस्तक देणारे पुष्कळ असतात. आठ-दहा वर्षांच्या मुलीचें त्या पुस्तकाविषयीं काय मत झालें हें मनापासून विचारणारा विरळा. त्या काळचें आपलें शिक्षण बव्हंशीं पाठांतराचें. पाढे पाठ, स्तोत्रें पाठ. आणि मिशनच्या शाळेंत प्रश्नोत्तरावली पाठ, एवढाच फरक. मुलीनें शंका काढावी, थोरल्यानें तिचें उत्तर द्यावें किंवा उत्तर ठाऊक नाहीं असें कबूल करावें, हें ना पंतोजीच्या शाळेंत होतें ना पाद्र्याच्या. भास्कर तिला घराबाहेर मोकळ्या माळावरही नेई. नगरच्या भोंवतालचा तो उघडा मुलूख, दूरच्या डोंगरांच्या रांगा यांचें वर्णन करतांना कृपाबाईंची लेखणी जशी रंगते, तशी इतरत्र क्वचितच रंगते.

घरांत सर्वांना हें एकदम पटलें असेल असें समजूं नये. राधाबाईंनीं धर्म बदलला तरी मुलीच्या जातीला चूल, शेण, धुणें आलेंच पाहिजे ही समजूत धर्माबरोबर बदलत नाहीं. कामांत लक्ष नाहीं आणि पुस्तकांतून डोकें वर निघत नाहीं, ही तक्रार त्या कथेंतील घरांतही ऐकूं येते. आईला दोष देण्याचें कारण नाहीं. पुरुषाच्या मिळकतीवांचून एवढें घर चालवावयाचें म्हणजे प्रत्येक हाताचा उपयोग मोजावा लागतो.

घरच्या शिक्षणांत एक धोकाही असतो, आणि तो या घरांत होता. शाळेंत एक मास्तर आजारी पडला तर दुसरा येतो. घरीं जो शिकवितो तोच शाळा, तोच ग्रंथालय, तोच परीक्षक. भास्कर ऐन तारुण्यांत वारला. बहिणीचें वय तेव्हां थोडें होतें. बापाच्या मृत्यूनें तिचा आधार गेला होता. भावाच्या मृत्यूनें तिची शाळा बंद झाली.

त्याच सुमारास दुसऱ्या एका मराठी घरांत असाच प्रयोग चालला होता, आणि तें घर ख्रिस्ती नव्हतें. अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या पत्नीनें आपली धाकटी मुलगी रमा हिला. रमेचा जन्म १८५८ चा. आईबाप १८७४ सालीं दुष्काळाच्या हालांत गेल्यावर रमा व तिचा भाऊ श्रीनिवास देशभर पायीं हिंडले आणि १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचले. तेथील पंडितांनीं तिची परीक्षा घेऊन तिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली. नेमक्या त्याच १८७८ सालीं कृपाबाई मद्रासच्या मेडिकल कॉलेजांत दाखल झाल्या. एक मुलगी संस्कृताच्या बळावर, दुसरी इंग्रजीच्या. दोघींचाही पाया घरींच घातलेला. रमाबाईंचा हा भाऊही १८८० सालीं वारला. त्या स्वतः १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती झाल्या, ही पुढची गोष्ट.

मद्रासपर्यंतची वाट सरळ नव्हती. भास्कराच्या मृत्यूनंतर कृपाबाईंना मुंबईस मिशनच्या बायकांकडे राहून शिकण्यास पाठविलें. तेथें प्रथमच त्यांना परक्या माणसांच्या दृष्टीनें स्वतःकडे पाहावें लागलें. घरीं जी मुलगी भावाशीं बरोबरीनें वाद घाली, तिला येथें ‘नेटिव्ह ख्रिस्ती मुलगी’ म्हणून मायेनें, पण वरच्या पायरीवरून वागविण्यांत येई. बाईंनीं यावर पुढें जें लिहिलें त्यांत कडवटपणा नाहीं, पण बारीक चिमटे पुष्कळ आहेत. तसें लिहिण्याचें धैर्य कोठून आलें हें निराळें सांगावयास नको. तेथेंच एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंच्या सहवासानें त्यांना वैद्यक शिकण्याची इच्छा झाली. विलायतेस जाण्याकरितां शिष्यवृत्तीही मिळाली होती. परंतु प्रकृति नाजूक, तेथील हवा सोसणार नाहीं असें ठरलें. मद्रासच्या कॉलेजानें १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता, म्हणून तेथें जाणें झालें. आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या १८८३ सालीं. त्याच्या पांच वर्षें आधींची ही गोष्ट आहे.

मद्रासेस त्या रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन् यांच्या घरीं राहिल्या. तेंही एक शाळाच असलेलें घर. सत्यनाथनांच्या पत्नी ॲना या घरोघरच्या माजघरांत जाऊन बायकांना शिकविण्याच्या कामांत पुढारी होत्या. पहिल्या वर्षीं कृपाबाईंनीं अभ्यासांत उत्तम नांव मिळविलें आणि वर्षाच्या आंतच प्रकृति ढांसळली. शिक्षण सोडून १८७९ सालीं त्या पुण्यास बहिणीकडे आल्या. पुढें त्याच घरचे चिरंजीव सॅम्युएल हे केंब्रिजहून परतल्यावर १८८१ सालीं त्यांच्याशीं विवाह झाला व दोघें उटकमंडास गेलीं. तेथें त्यांनीं मुसलमान मुलींसाठीं शाळा काढली. डॉक्टर होणें जमलें नाहीं, शिकविणें जमलें. त्याच काळांत ‘एक हिंदी स्त्री’ या टोपणनांवानें त्यांचे इंग्रजी लेख छापूं लागले. स्त्रियांचें शिक्षण, घरांतील मुलांचें वळण हे त्यांचे आवडीचे विषय होते.

१८८७-८८ मध्यें मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकांतून त्यांची ‘सगुणा’ क्रमशः प्रसिद्ध झाली. हिंदी स्त्रीनें इंग्रजींत लिहिलेली ही पहिली आत्मचरित्रात्मक कादंबरी समजतात. नांवें कांहीं बदललीं आहेत, प्रसंगांना कथेचा आकार दिला आहे. परंतु आई राधाबाई आणि भाऊ भास्कर हीं स्वतःच्याच नांवांनीं तींत वावरतात. पुस्तक इंग्रजींत आहे हें मराठी वाचकाला थोडें खटकतें. अहमदनगरचें तें घर, ती आई, तो माळ, सारें मराठी. आणि त्याची हकीकत परभाषेंत. पण ज्या भाषेंतलीं पुस्तकें भावानें हातीं दिलीं, त्याच भाषेंत भावाची आठवण लिहावीशी वाटणें हेंही स्वाभाविक आहे.

त्यांचें एकुलतें मूल वर्षाचें होण्यापूर्वींच गेलें. त्यानंतर प्रकृति पुन्हां सांवरली नाहीं. अशा दुखण्यांतच त्यांनीं ‘कमला’ ही दुसरी कादंबरी पुरी केली. तिची नायिका ब्राह्मण घरांतली, वडिलांजवळ राहून चार अक्षरें शिकलेली मुलगी आहे. ३ ऑगस्ट १८९४ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, कृपाबाई वारल्या. ‘सगुणा’ पुस्तकरूपानें निघाली ती १८९५ सालीं. तेव्हां शिकविणारा भाऊ हयात नव्हता, आणि शिकलेली बहीणही नव्हती. पुढच्या वर्षीं, १८९६ सालीं, मद्रासेस तिचें तमिळ भाषांतर प्रसिद्ध झालें.